बाबांनी वाचायचं, आईने ऐकायचं

देवास,
३ ऑगस्ट

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं, "आईच्या डोळ्यात थेंब कोण घालतं?" आणि तुम्ही म्हणालात, "हो, चालू आहे पाऊस, पण जोर नाही." तुम्हाला फक्त 'थेंब' ऐकू आलं आणि उरलेलं वाक्य तुम्ही मनाने जुळवलंत. मग आईने फोन घेतला आणि दोन मिनिटांत आवरला, कारण तुमच्यासमोर मोठ्याने बोलायचं तिच्या जिवावर येतं.

म्हणून हे पत्र. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आता तीन आठवडे झाले. जुना चष्मा चालत नाही आणि नव्याचा नंबर अजून काढायचा आहे, तेव्हा वाचन बंद. बाबा, तुमची नजर चांगली आहे आणि शाळेत वाचून दाखवायची सवय उभ्या जन्माची. तुम्ही वाचा, आईला ऐकू दे. थेंब दिवसातून चार वेळा चुकवू नका, आणि डोक्यावरून पाणी घ्यायला डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको.

इथे माझं ठीक आहे. बँकेतून साडेसहाला सुटते, सातला खोलीवर येते. जुलैभर पाऊस होता, त्यामुळे संध्याकाळी बाहेर जाणं फारसं झालं नाही. घरमालकीणकाकूंचं घराणं पवारांच्या राज्यात इकडे आलेलं. त्यांचं मराठी ऐकायला गोड वाटतं. "मी भाजी करून ठेवली आहे, तू खाऊन घेशील" असं म्हणतात, म्हणजे "खाऊन घे". एकटेपणा वाटतो का असं आई दर वेळी विचारते. या महिन्यात खरंच वाटला नाही, आणि का ते सांगायलाच लिहिते आहे. मे महिन्यात निघताना मी दोन गोष्टी घेऊन आले होते: आईच्या उशाशी असायचं ते लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे', आणि बाबांच्या कॅसेटच्या लोखंडी पेटीचा मोबाईलवर काढलेला फोटो. कॅसेटच्या पाठीवर तुमच्या अक्षरात काय काय लिहिलंय ते फोटो मोठा करून वाचलं आणि एकेक शोधून ऐकलं. 'कु. गं. – निर्गुणी – पुन्हा ऐकणे' असं एकीवर आहे, कु. गं. म्हणजे कुमार गंधर्व. 'पुन्हा ऐकणे'च्या खाली दोन रेघा आहेत.

आधी आईचं सांगते.

आई, तुझ्या पुस्तकात एसटीचं जुनं तिकीट आहे आणि समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. घरात असताना मी ते पुस्तक शंभर वेळा उचलून बाजूला ठेवलं असेल, पण या खुणा कधी पाहिल्या नव्हत्या. पहिली खूण लक्ष्मीबाईंच्या वडिलांपाशी आहे. त्यांना सोवळ्याचा असा ध्यास लागलेला की घरात आलेलं मीठ, साखरसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतल्यावर हातात राहणार काय? तरी ते धुतलं जायचं, आणि घरातल्या बायका-पोरींचा दिवस त्या धुण्यातच जायचा. लक्ष्मीबाई हे सांगताना ओरडत नाहीत, रडत नाहीत. चुलीशी बसून शेजारणीला सांगावं तसं सांगून पुढे जातात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं हे मराठी आहे, आणि १९३४ साली पहिला भाग छापून आलेलं पुस्तक आज एका संध्याकाळी साठ पानं वाचून होतं. माझ्या टेबलावरच्या नव्या पुस्तकांपैकी एकाचंही तसं झालं नाही.

पुढे लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी ना. वा. टिळक, १८९५ साली ख्रिस्ती होतात आणि नवरा-बायकोची ताटातूट होते. तिथे तुझी खूण नाही. मला वाटलं होतं तिथे असेल. तुझी खूण आणखी पुढे आहे, आणि तिथे पेन्सिल इतकी दाबली आहेस की कागदाच्या मागच्या बाजूला वण उठलाय. जन्मभर कडक सोवळं पाळलेली ही बाई एका रात्री जागून विचार करते की जात देवाने केली की माणसाने, आणि सकाळी उठते ती कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवूनच. तिला कोणी शिकवलं नाही, कोणी सक्ती केली नाही, नवऱ्यानेही नाही. मीठ धुणाऱ्या बापाची लेक स्वतःच्या पायांनी तिथवर चालत गेली.

आई, ही खूण तू कधी केलीस? लग्नाच्या आधी की नंतर? आजीचं सोवळं चालू होतं तेव्हा, माजघरात पाण्याचे दोन हंडे वेगळे असायचे तेव्हा? तुझी अकरावी राहिली, परीक्षेचा फॉर्म भरून राहिली, एवढं मला माहीत आहे. त्या हंड्यांबद्दल मात्र तू कधी काही बोलली नाहीस. फोनवर नको, मी येईन तेव्हा सांग. ज्या दिवशी मोठ्या हंड्यातलं पाणी तू पहिल्यांदा आपल्या कामाच्या मावशींना दिलंस, तो दिवस माझ्या आठवणीत आहे. मी पाच-सहा वर्षांची असेन. मावशींनी पेला हातात घेऊन आधी तुझ्याकडे पाहिलं होतं.

आषाढी एकादशीला 'संत तुकाराम' पाहिला. १९३६ चा, प्रभातचा. आई, जत्रेत तंबूत हा सिनेमा आला तेव्हा तुझी आजी चपला बाहेर काढून आत गेली होती, हे तू कितीदा सांगितलंस. लॅपटॉपवर बघताना मीही काकूंना हाक मारली आणि आम्ही दोघींनी मिळून पाहिला. काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या आणि ताटली तशीच राहिली.

मला वाटलं होतं जुना सिनेमा, चमत्कार, भजनं, आणि मी श्रद्धेने पण थोडी कंटाळत बघेन. तसं अजिबात झालं नाही, आणि त्याचं कारण जिजाई. गौरी नावाच्या बाईंनी ते काम केलंय. पोरगं आजारी पडतं, घरात औषधाला पैसा नाही, आणि नवरा भजनात. ती पोराला धरून, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन तरातरा देवळात जाते, थेट विठोबासमोर. हे मी ऐकून होते, पण बघताना अंगावर काटा आला. रागाने लाल झालेल्या बाईच्या चेहऱ्यावर त्याच वेळी देवाशी असलेली सलगीही दिसते. ती देवाला मानत नाही असं नाही. घरच्या माणसाने कर्तव्य चुकवल्यावर जाब विचारावा तसा ती त्याला जाब विचारते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, तिलाही चल म्हणतात, तर ती संसार टाकून यायला तयार नाही. काकू तिथे नुसतं म्हणाल्या, "ती नाही जाणार, मला माहीत होतं." आणि पदराने डोळे पुसले.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नाही, हे तुम्ही मला चौथीत सांगितलं होतं आणि मी बाईंशी वाद घालून आले होते. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं पद इतकं अस्सल उतरलं की जाणकारही गाथेत शोधत बसले. त्या दिवशी तुम्ही आठवल्यांचं नाव पाटीवर लिहून दाखवलंत. पडद्यावर तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस ते गात होते आणि मला ती पाटी दिसत होती. हा सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हेही तुमच्याकडूनच कळलेलं. आणि पागनीस म्हणजे पूर्वी नाटकांत स्त्रीपार्ट करणारा नट. त्यांच्या चालण्या-बसण्यातला मऊपणा त्या नाटकांतून आला असेल का? मला तसं वाटतं. उभं राहतानासुद्धा त्यांचे हात कुणाला धक्का लागू नये असे जवळ घेतलेले असतात.

एका रात्री 'श्वास' लावला आणि अर्ध्यावर बंद केला. आईच्या डोळ्यावर पट्टी होती तो आठवडा. नातवाची दृष्टी जाणार म्हणून आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात, जग दाखवायला, हे माहीत असूनही लावला आणि मग बघवेना. पट्टी निघाली की बघेन म्हटलं होतं, अजून बघितला नाही. दोन वेब सिरीजही पाहिल्या, बँकेतल्या मुली बोलत होत्या म्हणून. त्यातलं आता काहीच आठवत नाही.

सकाळी मात्र नेम धरला होता. रोज 'गीतरामायणा'तली दोन गाणी, चहा करताना एक आणि डबा भरताना एक. छप्पन्न गाणी, अठ्ठावीस दिवस. आत्तापर्यंत मला दहा-बारा येत होती, तीही तुकड्या-तुकड्यांनी. क्रमाने ऐकल्यावर पहिल्यांदा कळलं की ही एक सलग गोष्ट आहे, आणि प्रत्येक गाणं बोलणारं माणूस वेगळं आहे. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिलं गाणं लागलं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून आठवडे वाढले, आणि गाणीही. आठवड्याला एक नवीन गीत, नवीन चाल, नवीन तालीम, आणि सबब सांगायची सोय नाही. माडगूळकर आणि फडके दोघांनी वर्षभर हे कसं निभावलं असेल? बाबा, तुम्ही आठ वर्षांचे होतात. चावडीवरच्या रेडिओपुढे बसून ऐकायचात, आणि गाणं संपल्यावर कोणी उठायचं नाही, हे तुम्ही सांगितलं होतं. आता तेच ऐकताना गाणं संपलं की मीही लगेच दुसरं लावत नाही.

त्याच १९५५ साली ग. दि. माडगूळकरांच्या धाकट्या भावाचं 'बनगरवाडी' आलं. एका घरातून, एका वर्षात, दोन भावांकडून एवढं! म्हणून लगेच तेही वाचायला घेतलं. दोन रात्रींत संपलं, पण ते पुस्तक माझ्या मनातून जात नाहीये. त्यातला मास्तर धनगरांच्या वाडीत येतो. शाळा आहे पण पोरं नाहीत. मग हळूहळू वाडी त्याची होते, तालीम उभी राहते, आणि शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात.

बाबा, तुमची पहिली नेमणूक माण तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत. १९७२ च्या दुष्काळात तुम्ही तिथेच होतात. पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जायची, आणि हजेरीपटात गैरहजेरीची खूण करताना हात थांबायचा, एवढंच तुम्ही एकदा बोलला होतात. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला कुठेतरी जायची घाई होती. पुस्तक मिटल्यावर मला त्या हजेरीपटाची आठवण आली. किती नावं होती पटावर? किती परत आली? वाडी सोडून गेलेल्यांपैकी पुढे कोणी भेटलं का? मी हे तेव्हा विचारायला हवं होतं. आता विचारते आहे. या प्रश्नांची उत्तरं मला पत्रातच लिहा, तुमच्या अक्षरात. फोनवर तुम्ही पुन्हा पावसावर याल.

आता कुमारांचं. हे शेवटी ठेवलं, कारण हे लिहायला मला धीर धरावा लागतो आहे.

इथे आल्यावर पहिल्याच रविवारी टेकडीवर गेले होते. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, आणि खाली टेकडीच्या रस्त्याला 'भानुकुल', कुमार गंधर्वांचं घर. बाहेरूनच हात जोडले. काकू सांगतात, लहानपणी त्या रस्त्याने शाळेत जाताना आतून तंबोरा ऐकू यायचा. १९४८ च्या जानेवारीत बेळगावकडचा, मुंबईत देवधर मास्तरांकडे तयार झालेला, तेवीस वर्षांचा नावाजलेला गवई क्षयाने खंगून इथल्या कोरड्या हवेत आला. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. भानुमतीबाईंनी नोकरी करून घर सांभाळलं. पाच वर्षं अंथरुणावर पडून त्या माणसाने फक्त ऐकलं. पक्षी, वारा, लग्नकार्यात गाणाऱ्या माळव्यातल्या बायका, दारावर येणारे जोगी. स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि ते वाचले, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं. पुन्हा गायला बसले तेव्हा लांबलचक तानांचं जुनं गाणं राहिलं नव्हतं. छोटे तुकडे, मधेच वर फेकलेली एक हाक, आणि दोन तुकड्यांच्या मधे मोकळी जागा.

ती मोकळी जागा मला या महिन्यात ऐकू आली. पूर्वी तुम्ही कॅसेट लावायचात तेव्हा मला वाटायचं, हे मधेच थांबतात का? आता पावसाच्या रात्री दिवा मालवून निर्गुणी भजनं ऐकते तेव्हा त्या थांबण्यात तंबोरा पुढे येतो, आणि पुढचा सूर कुठून येईल हे कळत नाही, पण तो आला की तिथूनच यायला हवा होता असं वाटतं. दुसऱ्या कॅसेटवर तुम्ही लिहिलंय, 'मला उमजलेले बालगंधर्व'. तीही मिळाली. त्यात कुमार बालगंधर्वांची नक्कल करत नाहीत, त्यांना समजून घेऊन आपल्या गळ्यातून गातात. मला ती निर्गुणीइतकी नाही आवडली. तुमचं मत वेगळं असेल, आणि त्यावर तुमच्याशी भांडायची माझी तयारी आहे.

भांडायचं म्हणजे तुम्ही ते ऐकायला हवं, बाबा.

मे महिन्यात ओट्यावर बसलो होतो तेव्हा मी मोबाईल तुमच्या कानाजवळ धरला होता. शब्द सुरू झाले आणि तुम्ही मान हलवलीत, "कळत नाही गं." पण त्याआधी, नुसता तंबोरा चालू होता तेव्हा, तुमचं बोट मांडीवर हललं होतं. खर्जाची तार आली की बोट, खर्जाची तार आली की बोट. तुमच्या लक्षातही आलं नसेल. मी पाहिलं.

त्यावर मी इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. वयाने कान जातो तो सगळाच्या सगळा जात नाही, उंच आवाज आधी जातात. स, श, त, क ही अक्षरं उंच पट्टीतली, म्हणून समोरच्याचा आवाज येतो पण शब्द फुटत नाहीत. खर्ज राहतो. म्हणून मोठ्याने ओरडून काही उपयोग नाही, आणि म्हणूनच "तुम्ही मुद्दाम ऐकत नाही" असं म्हणणाऱ्यांचं चुकतं. त्यात मीही होते. माफ करा बाबा.

मागे घेतलेलं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलंत ते मला माहीत आहे. त्यात शिट्टी वाजायची, ताट-वाटी आपटल्यासारखा आवाज यायचा, आणि दुकानदाराने "सवय होईल" म्हणून परत पाठवलं. बाई म्हणाल्या की शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा कानात बसणारा भाग नीट बसत नाही म्हणून. तपासणी न करता दिलेलं यंत्र दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं. आधी ऑडिओमेट्री करायची, कुठला सूर किती कमी ऐकू येतो त्याचा आलेख काढायचा, आणि यंत्र त्या आलेखाप्रमाणे लावून घ्यायचं. बोलण्यासाठी लावलेल्या यंत्रात गाणं बिघडतं, पण गाण्यासाठी वेगळी सोय असलेली यंत्रं आता मिळतात. पहिल्यासारखं ऐकू येईल असं त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही तुम्हाला तसं सांगणार नाही. पण "माझं ऐकणं संपलं" असं तुम्ही आईला म्हणालात, ते आईने मला सांगितलं, आणि त्या दिवसापासून मला ते सहन होत नाहीये. ज्या माणसाने कॅसेटवर 'पुन्हा ऐकणे' लिहून खाली दोन रेघा मारल्या, त्याने असं म्हणू नये.

गणपतीला आठ दिवस येते. रजा मंजूर झाली आहे. इंदूर-पुणे गाडीचं तिकीट काढलंय, पुण्याहून कोरेगावला रेल्वेनेच येईन, कोणी स्टेशनवर येऊ नका. सोमवारी साताऱ्याला तिघं मिळून जाऊ. आईचा चष्म्याचा नंबर आणि बाबांच्या कानाची तपासणी एकाच फेरीत होईल. बाबा, नाही म्हणू नका. पैशाचं बघायला मी आहे.

टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटलाय, तो इथे एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे मिळाला. घेऊन येते आहे. पेटीला हवा लागू द्या, कॅसेट उन्हात मात्र ठेवू नका.

आई, पुस्तक परत आणते. नवा चष्मा येईपर्यंत रोज दुपारी मी वाचून दाखवीन, त्या दाबलेल्या खुणेपासून सुरू करू. तुला चालेल ना?

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, हे पत्र वाचून झालं की आईला एकदा विचारा, सगळं ऐकू आलं का. तुम्ही शेवटच्या ओळी हळू वाचता.